वाळूच्या रंगाचं दार

मी वसईच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्यात जन्मले आणि वाढले. तरीही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी समुद्रकिनारा कसा दिसतो हे मी एका इंटिरिअर करणाऱ्या मुलीकडून, तिला रीतसर फी देऊन शिकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला हसताना कुणाला संकोच वाटायला नको.

विरार पूर्वेला, चंदनसारला माझा फ्लॅट आहे. त्यात मी आणि माझा बाबा, दोघंच. मी लग्न केलं नाही, आणि आई गेल्यावर बाबाला गावातल्या घरात एकटं ठेवणं मला पटेना, म्हणून त्याला इथे आणलं. तो यायला तयार नव्हता. मी दोन महिने त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन आला.

इंटिरिअरवाली मुलगी गोड होती. तिनं टेबलावर रंगांचे कागद मांडले आणि एकेकावर बोट ठेवत नावं सांगितली. वाळू, शिंपला, लाटेचा फेस, किनाऱ्याला लागलेलं लाकूड. मला ते सगळे कमीजास्त दूध घातलेल्या चहाचे रंग वाटले. ती म्हणाली, "मॅम, बीच थीम. सगळं म्यूटेड ठेवू. घरात आल्यावर डोळ्यांना एकदम शांत वाटेल."

आमची वाळू काळी आहे. भरती ओसरली की तिच्यात पोटरीपर्यंत पाय रुततो आणि वर येताना एखादी चप्पल आतच राहते. हे मी तिला सांगितलं नाही, कारण 'शांत' या शब्दावर मी कधीच विरघळले होते. सातिवलीच्या एका गोदामात माल पाठवायच्या खात्यात मी काम करते. दिवसभर टेंपोचे हॉर्न आणि खोक्यांना टेप लावल्याचा चर्र आवाज. घरी तरी काही अंगावर ओरडू नये, एवढंच मला हवं होतं.

बाबा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता. तो होड्या रंगवायचा. जन्मभर तेच केलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की नारळी पौर्णिमेआधी त्यांना नवा रंग चढतो. ते दोन महिने बाबाला जेवायलाही सवड नसे. लाल, पिवळा, निळा, हिरवा, सगळे तेलातले आणि सगळे भडक. डब्याच्या तळाशी जो रंग उरेल तो आमच्या घरी यायचा आणि दारांना लागायचा. स्वयंपाकघराचं दार पिवळं, न्हाणीचं लाल, मागचं हिरवं, उंबरठा निळा. शाळेतल्या मैत्रिणी मला विचारायच्या, तुमच्या घराला इंजिन कुठे आहे? मी तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या स्वतःच्या घरात असला तमाशा असणार नाही.

रंगांचे कागद पाहून, म्हणजे मला तेव्हा वाटलं की पाहून, बाबा म्हणाला, "समुद्रात समुद्राच्या रंगाची होडी कोन रंगवत नाय, बाय. पान्यात हरवली तर शोधायची कशी?"

मुलगी हसली. मीही हसले. म्हणाले, "बाबा, हे घर आहे. ते कुठे हरवतंय?"

काम चालू असताना तीन आठवडे बाबा गावी चुलतभावाकडे राहिला. परत आला तेव्हा घर खरोखर मासिकातल्या फोटोसारखं झालं होतं. भिंती वाळूच्या रंगाच्या, फरशी वाळूच्या रंगाची, सोफाही तोच. आतल्या बोळातली तिन्ही दारं भिंतीच्याच रंगाची, आणि त्यांना त्याच रंगाची, बोटभर लांब मूठ. माझा जुना किरमिजी सोफा आणि बाथरूमचं गडद तपकिरी दार दोन्ही गेली होती. मी त्याला हाताला धरून सगळीकडे फिरवलं. तो "चांगला हाय" एवढंच म्हणाला. मला राग आला. एवढ्या हौसेनं केलेल्या घराला दोन शब्द.

त्यानंतर बाबा खोलीतून बाहेर यायचा बंद झाला. आधी तो सकाळी गॅलरीत बसायचा, स्वतः पाणी घ्यायचा, खाली फेरी मारून यायचा. आता खाटेवर बसून राहायचा. पाणीही बेताचं प्यायचा. मी समजले, रुसलाय. त्याच्या रंगांना नाकारलं म्हणून म्हातारा फुगून बसलाय. मग मीही फुगले. माझा स्वभाव त्याच्यावरच गेलाय.

त्यात भर म्हणजे त्याचा रुमाल. कोळी माणसं बांधतात तसा लाल चौकटींचा, शंभर वेळा धुतलेला. बाबा तो बाथरूमच्या दाराच्या मुठीला अडकवून ठेवायचा. अख्ख्या घरात तेवढाच एक लाल डाग. मी तो काढून, घडी करून त्याच्या उशाशी ठेवायची. संध्याकाळी पुन्हा मुठीला. मी पुन्हा काढायची. तो काही बोलत नसे आणि मीही बोलत नसे. हे आठवडाभर चाललं. शेवटी एका सकाळी कामावर जाताना मी तो रुमाल माळ्यावर टाकला आणि मनात म्हटलं, आता बघू कोण जास्त हट्टी आहे ते.

त्याच दिवशी गोदामातली वीज गेली. मालकानं जेवणानंतर सगळ्यांना सुटी दिली. मी दोनच्या सुमाराला घरी पोचले आणि किल्लीनं दार उघडलं. बाबा झोपला असेल म्हणून आवाज न करता उघडलं.

तो झोपला नव्हता. आतल्या बोळात उभा होता. दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून इंचाइंचानं सरकत होता. बाथरूमच्या दारावरून त्याचे हात फिरले आणि पुढे गेले. पुढे चपलांचं कपाट आहे, तेही त्याच रंगाचं. त्याची मूठ हाताला लागली तशी त्यानं घाईनं ते उघडलं आणि आत पाय टाकायला गेला. पाय फळीवर आपटला. त्यानं हात घालून एक चप्पल बाहेर काढली, चाचपली, परत होती तिथे नीट ठेवली आणि कपाट लावलं. मग तो तिथेच थांबला. त्याच्या लुंगीवर ओला डाग पसरत गेला आणि माझ्या वाळूच्या रंगाच्या फरशीवर पाणी झालं.

डोक्यात काही शिरत नव्हतं. एवढंच कळत होतं की माझा बाप माझ्या घरात रस्ता चुकलाय.

त्याला चाहूल लागली असावी. त्यानं मान वळवली. आमच्यात चार पावलांचं अंतर होतं. तो सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता आणि म्हणाला, "कोन हाय?"

मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, याची मी आजवर स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत, पण त्यातलं एकही मला पटलेलं नाही. मी मागे सरकले, दार ओढून घेतलं आणि जिन्यानं खाली गेले. सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिले. वॉचमन म्हणाला, बसा मॅडम, तब्येत बरी नाय का? मी म्हटलं, किल्ली विसरले. अर्ध्या तासानं वर जाऊन बेल वाजवली.

दार उघडायला त्याला वेळ लागला. लुंगी बदललेली होती आणि फरशी पुसलेली होती. तो म्हणाला, "जपून ये बाय. माझ्याकडून पानी सांडलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर बघायचा म्हणून मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि जुना. नळीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसतं, तेही धूसर, म्हणाले, आणि त्यातही फिकट वस्तू फिकट भिंतीवर असली तर दिसतच नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली आहे ती औषधांनी टिकवायचा प्रयत्न करू. मग त्यांनी बाबाला विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"हिची आई व्हती तवापासून," बाबा म्हणाला.

म्हणजे आईला माहीत होतं. दोघांनी मिळून लपवलं होतं, आणि दर रविवारी गावी जेवून येणाऱ्या मला पत्ता लागला नव्हता. रिक्षात मी त्याला जवळजवळ ओरडूनच विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तू मना एकटं संडासला पन जाऊ दिलं नसतंस," तो म्हणाला. "उद्या एक बाई ठेवली असतीस, हात धरायला."

ठेवली असती. नक्की ठेवली असती.

घरी येऊन मी सोफ्यावर बसले आणि गावातलं घर आठवू लागले. होड्यांचं काम सोडल्यालाही दहा वर्षं होऊन गेली होती, पण बाबा दर पावसाळ्यात कुणाकडून तरी उरलेला रंग मागून आणायचा आणि दारांवर हात मारायचा. तिथल्या शेवटच्या चार-पाच वर्षांत तर तांब्याभांड्यांच्या फळीची कडसुद्धा पिवळी झाली होती, पायऱ्यांना लाल पट्टा आला होता. मी आईला म्हणायची, ह्याला आवर, उद्या तुझ्या कपाळालाही रंग लावेल. आई हसायची. तिचं ते हसू मला आता वेगळंच दिसायला लागलं. ती दोघं मिळून त्याच्यासाठी वाट रंगवत होती, आणि त्या वाटेवरून मी त्याला उचलून इथे आणलं होतं. इथे त्यानं स्वतःपुरती एक खूण केली होती. ती मी रोज काढून घडी घालत होते.

मी स्टुलावर चढून माळ्यावरचा रुमाल काढला आणि मुठीला बांधला. मग इंटिरिअरवाल्या मुलीला फोन केला. बाथरूमचं दार रंगवायचं आहे म्हटल्यावर तिनं कोणता शेड विचारला. मी सांगितलं, लाल. "मॅम, सगळा लुक जाईल," ती म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, मीच रंगवते. बिचारीची काही चूक नव्हती.

रविवारी हार्डवेअरच्या दुकानातून होडीला लावतात तसला तेलाचा लाल रंग आणला. दार पॉलिशपेपरनं घासलं. बाबा बोळात खुर्ची टाकून बसला आणि बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं बोलला. ब्रश भिजवून टाकू नको. खालून वर ने. एवढा रंग कशाला घेतेस, घरात पूर आलाय का? अर्धं दार झालं तेव्हा त्यानं जवळ येऊन, न सुकलेल्या कडेला नाक लावून वास घेतला.

"आतल्या कडीला पन लाव," तो हळूच म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नव्या घरात आल्यापासून त्यानं बाथरूमची कडी कधी लावलीच नव्हती. आत कोंडलो आणि कडी सापडली नाही तर, या भीतीनं. म्हणजे इतके दिवस तो नुसतं दार लोटून, ते कुणी उघडेल का याकडे कान लावून बसत होता. मी कडीला दोन हात दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रंग सुकला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाबा खोलीतून बाहेर आला. भिंतीला हात न लावता बोळातून चालत गेला, लाल दारापाशी थांबला आणि मूठ धरली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "त्या दिवशी दुपारी दारात तूच व्हतीस ना?"

मी गाळणी खाली ठेवली.

"हो," मी म्हटलं.

"वाटलंच मना. जिन्यात तुझी चप्पल वाजली."

त्यानं दार उघडलं.

"नाय बोललीस ते बरं केलंस," तो म्हणाला. मग तो आत गेला, दार लावून घेतलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.