वेशीची उंची मोजायला मढला

पान एक्केचाळीसवर बावीस फूट आणि पान त्रेचाळीसवर अठरा फूट. उंची एकाच वेशीची. या चार फुटांसाठी मी मागच्या रविवारी मढला जाऊन आले.

महाराष्ट्रातल्या गावांचा इतिहास, तिथली माणसं, त्यांच्या चालीरीती अशी एक पुस्तकमाला अंधेरीतले एक छोटे प्रकाशक काढताहेत. मी तिथे मुद्रितं तपासते. उपनगरांच्या पुस्तकातलं मढचं प्रकरण माझ्या वडिलांचं, म्हणजे नानांचं. नाना भूमितीचे निवृत्त शिक्षक. चौथीपर्यंत माझी शाळाही घरीच, त्यांच्यासमोर पाटावर. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा तिथला पहिला धडा. आता त्यांचं नाव आयुष्यात प्रथमच छापून येणार होतं, आणि प्रकरणाची सुरुवातच मढच्या पोर्तुगीजकालीन दगडी वेशीने होत होती.

"नाना, बावीस की अठरा?"

"दोनदा जाऊन मोजलीय. एकदा मेमध्ये, एकदा दिवाळीनंतर."

"मग दोन मापं कशी?"

नानांनी बराच वेळ चष्मा पुसला. "तूच मोजून ये. सोमवारी पानं छापखान्यात जायच्या आत." आणि मोजायला आपली छत्री दिली.

सोबत आतेबहीण शालू. "डिसेंबरात छत्री? माझी इज्जत घालवणार तू," ती स्टेशनबाहेरच म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर अंधेरी स्टेशनाहून वेसाव्याची बस पकडा आणि शेवटच्या थांब्याला उतरा. पुढे कोळीवाड्यातून धक्क्यापर्यंत पायी. दोन्ही बाजूंना बोंबील वाळत असतात, तेव्हा धुतलेली साडी नेसून जाऊ नका. खाडी ओलांडायला नावेचे आठ आणे. भरती-ओहोटी विचारूनच निघा. आम्ही विचारलं नव्हतं, त्यामुळे पलीकडे पोचल्यावर चपला हातात आणि चिखल पोटरीपर्यंत. नाववाल्याला मी परतीची शेवटची नाव कधी, हे तीनदा विचारलं.

"ताई, तुमाला सोडून नाय जानार," तो म्हणाला. "तुमी गेल्याबिगर मला चैन पडायची नाय."

धक्क्यापासून वीस मिनिटं चाललो आणि माडांमध्ये वेस दिसली. काळपट दगड, कमानीवर शेवाळ, मधोमध झिजलेला क्रूस. मला अगदी भरून आलं. पुरातन वास्तूला हात लावायचा नाही, ही नानांची सक्त ताकीद. म्हणून ते सगळं सावलीवरून मोजतात. उभ्या छत्रीची सावली, वेशीची सावली, आणि त्रैराशिक. शालूने छत्री धरली, मी टेप पसरला. उत्तर आलं अठरा फूट.

"झालं? आता खायला बघू," शालू म्हणाली.

पण मला एकदा मोजून खात्री वाटत नाही. टेप गुंडाळताना मी छत्री वेशीला टेकवून ठेवली. ती टेकली नाही. आत गेली, मुठीपर्यंत.

मी ओढली. छत्रीबरोबर एक अख्खा दगड निघून पायाशी पडला.

"वाट लागली," शालू म्हणाली. "पोर्तुगीजांना जमलं, मराठ्यांना जमलं, इंग्रजांनाही जमलं वेस सांभाळायला. तू आलीस."

"पळायचं नाही. कबूल करायचं," मी म्हटलं. सर्वात जवळच्या घरापुढे एक म्हातारी बाई मिरच्या निवडत होती. मी तिला सांगितलं की माझ्या हातून तुमच्या गावची वेस फुटली आहे, माझं नाव-पत्ता लिहून घ्या.

ती आधी माझ्याकडे, मग छत्रीकडे बघत राहिली. "अगो पोरी, ती सिनेमावाल्यांची. शूटिंग झालं, टाकून गेले. तरट, बांबू नि प्लास्टर. माझी कोंबडी अंडी घालते तिच्यात. बस आधी, पाणी पी."

शालू हसता हसता ओट्यावरच बसली. मला हसू येईना. मला नाना दिसत होते.

फिलूबाय तिचं नाव. पाणी झालं, मग चहा, मग तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. पैसे विचारले तेव्हा तिने फक्त भुवया वर केल्या. जाता जाता म्हणाली, "अशीच छत्री घेऊन एक मास्तर आलेले. दोनदा. दोन्ही टायमाला पाणी विचारलं. 'नको बाई, सावली सरकते' बोलले."

"दोनदा ना?" मी विचारलं. "मधे वेशीचं काही झालं होतं?"

"पावसात वरचा तुकडा पडला की. ह्या एवढा." तिने हात जमिनीपासून छातीएवढा वर धरला.

परतीच्या नावेत शालू म्हणाली, "नानांना सांगू नकोस गं. वेस गुपचूप गाळून टाक."

"त्यांचं वाक्य त्यांना न विचारता गाळू?"

"मग पोर्तुगीजांनी प्लास्टरची बांधली म्हण!"

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता मी सगळं सांगून टाकलं, कोंबडीसकट. नानांनी हळू आवाजात विचारलं, "वरचा तुकडा केवढा होता?"

"साधारण चार फूट."

"म्हणजे दोन्ही मापं बरोबर होती," नाना म्हणाले. त्यांनी लाल पेन्सिल मागितली आणि आपल्या हाताने वेशीची तिन्ही पानं खोडली. खोडताना पट्टी वापरली.

सोमवारची पानं एक आठवडा पुढे ढकलली. प्रकाशक चिडले. काल नाना पुन्हा मढला गेले, छत्री न घेता, आणि शेवटच्या नावेने परतले. सोबत फिलूबायने दिलेली मसाल्याची बाटली होती आणि वहीची अकरा पानं भरली होती: मसाला कुटायला कोण कोण जमतं, लग्नात कुठल्या विहिरीचं पाणी आणतात, त्या वेळी काय गातात.

आज मी ते प्रकरण तपासायला घेतलं. एकही आकडा नाही. पहिलं वाक्य असं आहे: 'या गावात आल्यागेल्याला आधी पाणी विचारतात, ते घ्यावे.'

मी त्याला हात लावलेला नाही.