भजनी मंडळ व इतर

आमच्या कॉलेजच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. त्याच्या माथ्यावर पिवळ्या रंगात 'आगामी कार्यक्रम' असं कायमचं रंगवलेलं आहे, आणि खाली दर आठवड्याला मी खडूनं लिहितो. माझं अक्षर चांगलं, म्हणून नोकरीला लागलो त्याच वर्षी हे काम गळ्यात पडलं. मराठी शिकवणाऱ्याला अशी कामं न विचारता मिळतात. विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानं, म्हणजे गावकऱ्यांनाही खुली असलेली, शिवाय मुलांचं चित्रप्रदर्शन, रक्तदान, सगळं मीच लिहायचं. येणारे-जाणारे थांबून वाचतात. एक वेलांटी चुकली तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माझी बिनपाण्यानं हजामत होते.

त्या वर्षी कोजागिरीच्या आठवड्यात एक दिवस लोककलेसाठी ठेवला होता. भुलाबाईची गाणी करायची ठरली, साथीला इथल्या बायकांचं भजनी मंडळ मिळालं. महागावच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथं ही गाणी सगळीच्या सगळी पाठ असणारी एकच जण उरली होती, ती म्हणजे माझी मोठी बहीण. लहानपणी मला सांभाळायला म्हणून तिची शाळा चौथीत सुटली. मी पुढे एम.ए. झालो, ती लोकांच्या वावरात कापूस वेचत राहिली. मी विचारायला गेलो तेव्हा तिनं एकच गोष्ट विचारली.

"माहं नाव येईन का रे त्या फयावर?"

"येईन ना. काहून नाही येनार?"

"मोठ्या अक्षरात लिवजो. मले जोडाक्षरं लवकर उमजत नाही."

शनिवारी फळा लिहायला घेतला. सोमवारी मातीच्या तपासणीवर व्याख्यान होतं, त्या पाहुण्यांच्या नावाआधी 'डॉ.' होतं. बुधवारच्या पाहुण्यांना 'मा.' होतं, शिवाय त्यांच्या पदांनी दोन ओळी खाल्ल्या. गुरुवारशी आलो आणि खडू थांबला. ताईच्या नावाआधी काय लिहू? 'सौ.' लिहावं, तर दाजी लग्नानंतर चौथ्या वर्षी निघून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. 'श्रीमती' लिहावं, तर आमच्याकडे ते विधवेला लावतात, आणि दाजी तर दुसरा संसार थाटून खुशाल आहेत. आडनाव सासरचं लिहायचं की माहेरचं, हा घोळ वेगळाच. नुसतं नाव लिहावं, तर वरच्या डॉक्टर-मान्यवरांच्या खाली ते उघडंबोडकं दिसेल असं माझ्या दीडशहाण्या डोक्यात आलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. कुणी विचारलं असतं, सर, या कोण, तर मला तिची सगळी कहाणी सांगावी लागली असती. तासाची घंटा झाली आणि मी घाईघाईनं लिहिलं, 'भुलाबाईची गाणी. सादरकर्ते : भजनी मंडळ व इतर.' घंटा नसती झाली तरी मी तेच लिहिलं असतं.

गुरुवारी ताई एस.टी.नं आली. नवं पातळ नेसली होती. सोबत शेजारच्या दोघी होत्या. त्या गाणाऱ्या नव्हत्या, नुसतं फळ्यावरचं नाव बघायला तिनं त्यांना आणलं होतं. मी फाटकाशी उभा होतो, पण तिनं आधी फळा गाठला. एकेका अक्षराखाली बोट धरून तिनं सोमवार वाचला, मंगळवारचं रक्तदान वाचलं, बुधवार वाचला. गुरुवारच्या ओळीच्या शेवटाला येऊन बोट थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे इतर कोन व्हय रे?"

माझ्याआधी शेजारीणच म्हणाली, "आपूनच वो माय."

"मंग बराबर आहे," ताई म्हणाली आणि हसली. ते हसणं मला अजून आठवतं. ती आत गेली आणि दीड तास गायली. एक ओळ चुकली नाही. भजनी मंडळाच्या बायकांनी फक्त मागून सूर धरला. शेवटी प्राचार्यांनी आभार मानले ते भजनी मंडळाचे व इतरांचे. त्यांच्या हातातला कागदही मीच लिहिलेला होता.

वर्षभर ती मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दिवाळीला ओवाळलं, उन्हाळ्यात पापड पाठवले. पुढची कोजागिरी जवळ आली तेव्हा मी कुणालाही न विचारता गुरुवारची अख्खी ओळ तिच्या एकटीच्या नावाला दिली. आधी काही नाही, नंतर काही नाही, नुसतं नाव, फळ्यावरचं सगळ्यात मोठं. फोनवर त्याचा फोटो काढला आणि रविवारी गावाला गेलो.

ती अंगणात बरबटीच्या शेंगा तोडत बसली होती. मी फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. हात पुसून तिनं फोन घेतला आणि अक्षर अक्षर लावून नाव वाचलं. एकदा वाचलं, मग मनातल्या मनात पुन्हा.

"अक्षर चांगलं आहे तुहं," ती म्हणाली.

"मंग येशीन ना गुरुवारी?"

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा शेंग उचलली. ती रागावेल, चार शब्द सुनावेल, मग मी पाय धरीन, असं मी रस्ताभर ठरवत आलो होतो. तिच्या तोंडावर राग नव्हताच.

"तवा लय हौस होती रे मले," ती म्हणाली. "आता नाही राह्यली."