तरंगणारी सरकी

हिंगणघाटच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, तेव्हा माझ्यात ज्ञान थोडं आणि मिजास फार होती. निसर्ग दुबळ्यांना ठेवत नाही, मग माणसानं तरी का ठेवावं, हे पोरांना सांगताना मला भलताच जोर चढायचा. उदाहरण घरचंच द्यायचो. पेरणीआधी सरकी, म्हणजे कापसाचं बी, पाण्यात टाकतात. बुडते ती बियाण्याची, तरंगते ती फेकायची.

त्याच सुमारास धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा वडनेरचा, प्राथमिक शाळेत मास्तर. तो तिला पाहून गेला, तेव्हापासून ती घरभर गुणगुणत फिरायची. बाबा आणि मी त्यांचं घर पाहायला गेलो. चहा मुलाच्या बहिणीनं आणला. ती जन्मापासून बहिरी-मुकी. त्यांनी तसं आम्ही गेल्यागेल्याच सांगितलं, लपवलं नाही.

यजमान बैलांना पाणी दाखवायला गेले. ती दाराशीच उभी होती. तिला ऐकू येत नाही, मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! "अशा घरात पोरगी देऊ नये, बाबा. उद्या तिच्या लेकरायत उतरन हे." सरकीचं सांगताना माझा हात जणू पाण्यावरून फिरला आणि वरचं वेचून बाजूला फेकून आला. ती माझ्या हाताकडेच बघत होती. शेतकऱ्याची पोर, दरवर्षी हे काम तिच्याच हातचं. कप न उचलताच ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी नकाराचं कार्ड मीच टाकलं. आपला शिकलेला पोरगा म्हणतो म्हणून बाबांनीही मानलं.

"काऊन नाई म्हटलं?" बहिणीनं विचारलं. मी तिलाही सरकी ऐकवली. भाकर थापता थापता तिचा हात थांबला.

"दादा, तू सातव्या महिन्यात झालता. आईनं कापसात गुंडाळून ठेवलतं तुले, बोळ्यानं दूध पाजलं. तवा तुले कोनी पान्यात टाकून पाह्यलं काय?"

पुढं तिचं लग्न एका धडधाकट घरात झालं. ती पुन्हा गुणगुणलेली मी ऐकली नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

तिनं विचारलं तेव्हा कार्ड टाकून दोनच दिवस झाले होते. दुसरं टाकलं असतं तर मोडलेलं जुळलंही असतं. कोरी कार्डं माझ्या टेबलावरच होती. फक्त 'चुकलो' एवढं लिहायचं होतं, आणि ते या मास्तराच्यानं झालं नाही.