बूट न काढण्याचा नियम

सैनिकाच्या पायांची धूळ मस्तकी लावावी, असं आपल्याकडे म्हणतात. मे महिन्यात सोलापूर स्टेशनाबाहेर उभं राहिलं तर त्यासाठी सैनिक शोधावा लागत नाही. धूळ आपण होऊन मस्तकी लागते. ती कोणाच्या पायांची, एवढंच सांगता येत नाही.

मला जायचं होतं अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात. निमित्त मल्लिनाथचं. सैन्यातून निवृत्त झाल्यावर तो पुण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकावर काही वर्षं होता. आई थकली तसा गावी परतला. आता गावाने त्याचा सत्कार ठरवला होता. त्याने फोनवर सांगितलं, "सर, या की. भाषणं सुरू झाली की बघायला वळखीचं एक तोंड असू द्या." मी सत्कारांना सहसा जात नाही. पण सत्काराला घाबरलेला सत्कारमूर्ती मी पहिल्यांदाच पाहत होतो.

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून सोलापुरातच शुक्रवार पेठेत एका दुकानात शिरलो आणि जाड चादर मागितली. दुकानदाराने पंख्याखालची खुर्ची न सोडता विचारलं, "कुठं न्यायची?"

"अक्कलकोटकडे."

"आत्ता?"

"आत्ता."

"सायेब, हितं चादर विणायची असती. पांघरायची बाहेरगावच्यांनी." तरी त्याने दिली. चादर अशी जाड, की नुसती काखेत धरूनच मला घाम फुटला.

एसटीत मी विचारपूर्वक सावलीची बाजू धरली. गाडीने स्टँडबाहेर वळण घेतलं आणि ऊन माझ्या बाजूला येऊन बसलं. अक्कलकोटला गाडी बदलल्यावर कंडक्टर मराठीत विचारू लागला, प्रवासी कानडीत गाव सांगू लागले आणि खिडकीजवळच्या जागेवरून भांडण मात्र दोन्ही भाषांत चाललं. बाहेर ज्वारी काढून मोकळी झालेली काळी रानं, बांधावर एखादी बाभूळ, आणि तिच्या सावलीत दाटीवाटीने उभ्या शेळ्या.

मल्लिनाथच्या घरी पान वाढलेलंच होतं. कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी), शेंगाचटणी, दही आणि हुग्गी (गुळातली गव्हाची खीर). सगळे जमिनीवर बसलो. मल्लिनाथ तेवढा उंबऱ्याशी स्टुलावर, पायात काळे बूट घालून. आमच्या फाटकावरही मी त्याला बुटांशिवाय पाहिलं नव्हतं. ती मी शिस्त समजत होतो.

त्याच्या आईने, अव्वाने, माझी नजर पाहिली. "सरकारचा नियम हाय," ती म्हणाली. "पेन्शन खातोय तवर बूट काढायचे न्हाईत."

असा नियम मी ऐकला नव्हता. पण सरकारचे न ऐकलेले नियम पुष्कळ असतात, म्हणून मी भाकरी मोडली.

अव्वा आत जाऊन कलंडली आणि सरपंच आले. "सर, शाल-नारळ सगळेच देत्यात की," ते मला म्हणाले. "आमी पाद्यपूजा ठेवलीय. मुंबईहून मोठे साहेब येणार, सोताच्या हातानं मल्लूचे पाय धुणार. पाणी बी साधं न्हाय. जारचं गार पाणी सांगितलंय."

"नको, सरपंच," मल्लिनाथ म्हणाला.

"आरं, लाजतोस का? देवाचे पाय हायत ते." सरपंच मांडव बघायला निघून गेले.

मल्लिनाथने वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट केल्या. त्याची बायको गौरव्वा दाराआडून म्हणाली, "ताप आलाय म्हणा."

"शाळेच्या पोरींनी महिनाभर लेझीम बसवलंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सर, पायाला बोटं न्हाईत मला. एका बी पायाला. मोज्यात कापूस भरतो."

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. बर्फातल्या एका चौकीवर होता. वादळ आलं, बदलीची तुकडी वर पोचेना. "माझी बोटं गेली. संगं एक नांदेडचा होता. त्याची धाच्या धा बोटं शाबूत. त्योच गेला." आता भर उन्हातही त्याचे पाय गारठतात. "आन नसलेल्या अंगठ्याला खाज येती, सर. खाजवायचं कुठं?"

"आईला सांगितलं नाहीस?"

"तिनंच भरतीला धाडलं. शेतात काय ठेवलंय, जा, म्हणाली. पाय बघितले तर तेवढंच डोक्यात घेऊन बसंल. आता संध्याकाळी पैल्या रांगेत बसणार हाय."

मी चादर पुढे केली. त्याने ती उलगडली आणि बुटांसकट पाय तिच्यात गुंडाळून घेतले. बाहेर कुत्रंसुद्धा भिंतीची सावली सोडत नव्हतं.

सोहळा शाळेच्या मैदानावर होता. साहेब उशिरा आले, त्यामुळे ते मोठे आहेत याबद्दल कोणाला शंका राहिली नाही. ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून सेवेत होता. व्यासपीठावर पुण्याचा पाहुणा म्हणून मलाही खुर्ची मिळाली. भाषणांत रक्त, माती आणि सीमा हे शब्द फिरून फिरून येत होते. ज्याची बोटं सीमेवर राहिली होती तो मान खाली घालून बसला होता. मग हलगी वाजू लागली, मोठं पितळी घंगाळ आलं आणि जारचं पाणी ओतलं गेलं. त्यात गुलाबाच्या पाकळ्या.

मल्लिनाथ उठला. "साहेब, माफ करा. बूट काढता येत न्हाईत. नियम हाय."

पहिल्या रांगेतून अव्वा म्हणाली, "व्हय. माझ्या घरात बी काढत न्हाय."

साहेबांनी माईक जवळ घेतला. "मी पस्तीस वर्षं शासनात काढली. असा कोणताही नियम नाही. हे मी जबाबदारीने सांगतो."

टाळ्या पडल्या. अव्वा टाळ्यांत उठली, गौरव्वाचा हात झटकून पायऱ्या चढली आणि मल्लिनाथसमोर उभी राहिली.

"नियम न्हाय म्हंत्यात."

"अव्वा, राहू दे की."

"इतकी वर्षं बूट घालून माझ्या चुलीम्होरं जेवलास. सरकार म्हणून गप बसले. काढ."

गौरव्वाने तोंडाला पदर लावला. मल्लिनाथने बूट काढले, मग मोजे. कापसाचे बोळे घंगाळाशेजारी पडले. हलगीवाला थांबला. साहेब काहीतरी बोलणार होते, ते त्यांनी रद्द केलं.

अव्वाने पाय पाहिले. मग पाण्यात हात घातला आणि बाहेर काढला. "गार हाय. कुणी आणलं? बिसी नीर तर्री (गरम पाणी आणा)."

गरम पाणी कुठून आणायचं हा मे महिन्यातल्या सोलापूर जिल्ह्यात प्रश्न नसतो. शाळेच्या गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात होती. दोन बादल्या आल्या. अव्वा खाली बसली, तांब्या साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "वता." साहेब वाकून ओतू लागले. तिने पाय धुतले, भांडं घासावं तसे, कुठे काय राहिलंय ते बघत.

"मी धाडलं," ती हळूच म्हणाली.

"मी गेलो, अव्वा."

"मी धाडलं न्हवं?"

"धाडलंस. पर गेलो मी."

 तिने धुणं थांबवलं नाही. पाणी संपलं, साहेब तांब्या उलटा धरून उभे राहिले, तरी तिचे हात चालूच होते.

शेवटी पूजेचं गंध आलं. साहेब बोटावर गंध घेऊन वाकले आणि अडले. पाद्यपूजेत गंध अंगठ्याला लावतात.

"घोट्याला लावा, साहेब," मल्लिनाथ म्हणाला. "तितवर शाबूत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वाने आम्हाला चहा दिला. मल्लिनाथशी ती फक्त एक वाक्य बोलली. "पाय हिकडं कर." आणि खोबरेल गरम करायला चुलीकडे गेली. त्याने पाय पुढे केले. मी पिशवी भरायला आत गेलो.

परतीच्या गाडीत विचार करत होतो. युद्धांबद्दल मी बरंच वाचलं आहे. नकाशे असतात, नकाशांवर बाण असतात, कोणती टेकडी कोणी घेतली ते असतं. परत आलेला माणूस घरी जेवायला कसा बसतो, हे कुठे वाचल्याचं आठवत नाही. ते कदाचित त्याच्या आईलाच शोधून काढावं लागतं, आणि तेही माईकवर.

मल्लिनाथने नंतर मला तिकडच्या पेपरातल्या बातमीचा फोटो पाठवला. जागा कमी पडली असावी, म्हणून चित्र खालून कापलं आहे. साहेब वाकून तांब्याने पाणी ओततायत, एवढंच दिसतं. खाली छापलंय: 'वृक्षारोपणप्रसंगी रोपाला पाणी घालताना मान्यवर.'