रजिस्टरातली सरस्वती

पासवर्ड टाकायची वेळ आली की शोभाअक्का खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची. "टाक बाई, मी बगत न्हाई," म्हणायची. आम्हा पोरींना तिचं फार कौतुक. खरं तर तिला बघायची गरजच नव्हती. आमची ईमेलची खाती तिनंच उघडून दिलेली होती आणि आम्ही विसरतो म्हणून सगळे पासवर्ड तिच्याच वहीत लिहिलेले होते. हे मला तेव्हा खटकलं नाही, म्हणून मला आजही माझाच राग येतो.

बीदरच्या बसस्टँडसमोर एका जिन्याखाली तिचं इंटरनेटचं दुकान होतं. हातातल्या मोबाइलवर नेट यायच्या आधीची ही गोष्ट. मी जवळच्या राजेश्वर गावची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि बीदरच्याच मैलूर भागात कॉलेजच्या वसतिगृहात राहत होते. अक्काला मूलबाळ नव्हतं. रविवारी ती मला घरी जेवायला न्यायची, भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी समोर ठेवायची आणि ताट रिकामं होईपर्यंत उठू द्यायची नाही.

नियमांशी मात्र तिचं कधी जमलं नाही. स्कूटीवर तिघी, तेही एकेरी रस्त्यावर उलट्या बाजूनं. "नियम पाळायला सवड लागती बाई. आपल्याला कुठं हाय?" गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघून रजिस्टरात नाव लिहायचं, असा पोलिसांचा दंडक होता. अक्का सगळ्या पोरींचं एकच नाव लिहायची: सरस्वती, मैलूर. "कुणाची लेक कुणाला काय लिवायली, हे सरकारला कामून पाहिजे?" दिवसाला सात-आठ सरस्वत्या व्हायच्या आणि आम्ही हसून बेजार.

त्या वर्षी वसतिगृहात न्हाणीघरांसमोरच्या बोळात कॅमेरा बसवला. ओल्या केसांनी आम्ही बाहेर यायचो आणि ऑफिसात कुणीतरी ते बघत असायचं. अर्ज दिले, उत्तर आलं नाही. मग रीतसर परवानगी काढून धरणं धरलं. अटी अशा: दोनच तास, फाटकापासून लांब, घोषणा नाहीत. दोन तासांत फक्त एका म्हातारीनं आम्हाला विचारलं, हुमनाबादची बस इथंच थांबते का. शेवटी मी अक्काच्या दुकानातून दोन वर्तमानपत्रांना मेल केला. एक ओळ छापून आली नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत माझ्या दोघी मैत्रिणी गावी होत्या. मेलवरच आमचं ठरलं, सुट्टी संपली की पहिल्याच सकाळी कॅमेऱ्याच्या काचेला चुना फासायचा. फोडायचा नाही, फक्त आंधळा करायचा. चुन्याची वाटी घेऊन मी स्टुलावर चढले, तर वॉर्डनबाई बोळाच्या तोंडाशी उभ्याच. ऑफिसात टेबलावर माझ्या मेलचे छापील कागद होते. प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला काळी रेघ होती. अक्काचा प्रिंटर तशी रेघ ओढायचा; माझ्या सगळ्या अर्जांवर ती होती.

मी तशीच दुकानात गेले. अक्कानं नाही म्हटलं नाही.

"फौजदार आलता. पेपरवाल्यानं कॉलेजला इचारलं, तवा हे कुणी लिवलं म्हणून तुमच्या कॉलेजवाल्यानं तक्रार केल्ती. रजिस्टर बगून म्हणला, एका मैलुरात एवढ्या सरस्वत्या? दुकानाला कुलूपच लावायलाता."

"म्हणून माझा मेल काढून दिलास?"

"परवानगी घिऊन बसलात तवर मी काय बोलले का? चुना फासायचं कायद्यात बसत न्हाई, वंदे."

उलट्या बाजूनं स्कूटी घालणारी बाई मला कायदा सांगत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दोघींची नावं मी काढून टाकली."

"आणि माझं?"

ती की-बोर्डवरची धूळ पुसू लागली. "कुणाचं तर द्यावं लागणारच होतं. परक्याची लेक कशी देऊ? तू आपली होतीस."

वसतिगृहातून मला काढलं आणि माझे अप्पा येऊन मला गावी घेऊन गेले. माझं वर्ष बुडालं. पुढं पुण्याला नोकरी धरली आणि बाहेरून पदवी पूर्ण केली. कॅमेरा जागचा हलला नाही. त्या दोघी त्याच वर्षी पास झाल्या आणि अजून अक्काचं नाव काढलं की त्यांचे डोळे भरून येतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही.

दोन वर्षांनी अक्का काविळीनं गेली. कळलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून खूप रडले, पण बीदरला गेले नाही. तिनं मला विकलं, हे मला अजून पचलेलं नाही. आता कुणी मायेनं जवळ घेऊन म्हणालं, तू काय परकी आहेस का, की मी हळूच अंग सोडवून घेते.