नंबर तेवढा तुम्ही लिहा

कुमुदबाई आम्हाला गणित शिकवायच्या. फळ्यावर अख्खं गणित सोडवायच्या आणि उत्तराच्या तोंडाशी आलं की खडू ठेवून हात झटकायच्या. "शेवटची ओळ तुमची." बडोद्याच्या आमच्या मराठी शाळेत त्या एका ओळीने किती जणांना रडवलं असेल! निवृत्तीनंतर त्या शहरातल्या वासणा भागात, आमच्याच सोसायटीत राहायला आल्या, पण खोड काही गेली नाही. माझ्या बायकोला भाकरवडी शिकवली, मिठाचं विचारल्यावर म्हणाल्या, "ते तू ठरव." आठ दिवस आम्ही खारट भाकरवडी खात होतो.

एका सकाळी दूध घेऊन येताना सोसायटीच्या वळणावर एका गाडीने बाईंना मागून उडवलं आणि गाडी पळाली. खुब्याचं हाड मोडलं. मीच त्यांना दवाखान्यात नेलं.

"बाई, नंबर पाहिलात का?"

"पाहिला ना. दुधाची पिशवी फुटली का, ते बघ आधी."

पोलीस जबाब घ्यायला आले, तर त्यांना म्हणाल्या, "हमणां बहु दुखे छे, भाई. लखीने आपीश." नंतर लिहून देईन म्हणे! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नंबर ठाऊक असून गप्प बसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. अपघातानंतर काय करायला हवं, हे प्रत्येकाला पाठ होतं. फक्त बाईंना उडवणाऱ्याला तेवढं माहीत नव्हतं. सगळ्यांत मोठा आवाज आमचे सेक्रेटरी किरीटभाई यांचा. रोज शहाळं घेऊन यायचे आणि सुरू व्हायचे: आधी गाडी थांबवा, माणसाला दवाखान्यात पोचवा, मग स्वतःहून पोलिसांना कळवा. "पहेलां तो गाडी ऊभी राखवी जोईए! माणसने दवाखाने पहोंचाडवो जोईए! पछी जाते पोलीसने खबर आपवी जोईए! बरोबर ने, बेन?"

"अगदी बरोबर. तुम्हाला सगळं येतं," बाई म्हणायच्या आणि शहाळं प्यायच्या.

किरीटभाईंची स्वतःची गाडी त्या सकाळपासून कव्हराखाली होती. धूळ फार उडते, म्हणाले. मला काही सुचलं नाही. मी गणितात कच्चाच होतो.

पाचव्या दिवशी बाईंनी उशाखालून कोरा कागद काढला. "किरीटभाई, पोलिसांना अर्ज गुजरातीत द्यायचाय. बोलायला येतं हो मला, लिहायला बसले की ओळीत चार चुका. सोसायटीच्या सगळ्या नोटिसा तुमच्याच हातच्या. तुम्हीच लिहा."

किरीटभाईंनी पेन काढलं. बाई सांगत गेल्या: वेळ, वळण, राखाडी गाडी, मागून धक्का. मग थांबून म्हणाल्या, "गाडी क्षणभर थांबली होती. तेही लिहा. खरं ते सगळं आलं पाहिजे."

पेन थांबलं.  किरीटभाईंनी वर न पाहताच विचारलं, "अने नंबर?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "नंबर तेवढा तुम्ही लिहा."

मला वाटलं, हा माणूस आता उठून जाणार. पण त्यांनी लिहिला. मी वाकून पाहिलं, तर रोज माझ्या स्कूटरच्या शेजारी उभा असणारा नंबर! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. बाईंनी शांतपणे सही केली आणि कागद त्यांच्याच हाती दिला. "पोचवून या." किरीटभाई खाली मान घालून गेले, आणि खरंच पोलीस चौकीत गेले.

"बाई, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर त्यांनी वकील आणला असता. बस खाली, शहाळं पी."

बाई काठीशिवाय पुन्हा चालल्या नाहीत. तडजोड करून टाका, असं सगळे म्हणाले. "माफ कधीच केलंय," त्या म्हणायच्या, "पण केस आहे तिथेच राहील." रिक्षात चढणं त्यांना जमेना, म्हणून कोर्टाच्या तारखेला त्यांना किरीटभाईच न्यायचे. फिर्यादी आणि आरोपी एकाच गाडीत! ते दृश्य पाहून एकदा न्यायाधीश साहेबांनीच विचारलं, "बेन, मग तुमची तक्रार तरी काय आहे?"

"ती लिहिलीय ना, साहेब. अक्षरसुद्धा यांचंच आहे."

बाई गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. त्या वळणावर किरीटभाई अजूनही गाडी पूर्ण थांबवतात, इकडेतिकडे बघतात आणि मगच पुढे नेतात. मागचे लोक वैतागून शिव्या देतात. परवा मागे मीच होतो, आणि घाईत होतो. हात हॉर्नपर्यंत गेला होता. तसाच मागे घेतला.