खुरपीला नोकरी लागली का?

माझी धाकटी मुलगी विद्यापीठात शेतकी शिकली, पहिल्या वर्गात पास झाली. घरात तिला सगळे खुरपी म्हणतात. शिकता शिकता तिला एक खोड जडली. रोप मलूल दिसलं की आधी उपटायचं, मुळं बघायची, मग बोलायचं. तिच्या आईच्या बाल्कनीत एकही कुंडी सुटली नाही.

मी तेव्हा लॉन्ड्रीची गाडी चालवायचो. पोरगी साहेबीण व्हावी म्हणूनच शिकवलं, खोटं कशाला बोलू? पण पदवीनंतर वर्षभर ती घरीच. मेव्हणा विचारायचा, "भाजी पिकवायला पदवी लागते का हो?" अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी एका बँकेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. शेतीकर्जाच्या विभागात जागा होती. मीच गाडीतून घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत बसलो, तर कोपऱ्यात माणसाएवढं एक झाड, पानं पिवळी पडलेली. मी म्हटलं, "खुरपे, तिकडे बघूसुद्धा नकोस."

पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात आमच्या बाईसाहेबांनी वर्तमानपत्र पसरून झाड मुळासकट बाहेर काढलं होतं! गालिच्यावर चिखल. तेवढ्यात मॅनेजर दारात.

"हे काय चाललंय?"

"सर, मुळं कुजलीत. येणारा-जाणारा उरलेलं पाणी यातच ओततो."

"तुम्ही मुलाखतीला आलात ना?"

"हो सर, पण मुळं बघितल्याशिवाय कसं कळणार?"

मी कपाळावर हात मारला. तिनं कुजकी मुळं छाटून झाड परत लावलं, मगच उठली. नोकरी गेली ती गेलीच. परतताना मी मेव्हण्याला काय सांगायचं ते जुळवत होतो. ती मात्र नखातली माती काढत म्हणाली, "बाबा, वाचेल ते."

वाचलंही. महिन्याभरानं तिथल्या स्वागतकक्षातल्या बाईंचा फोन आला. नवं पान फुटलं होतं, आणि त्यांच्या बहिणीच्या दवाखान्यातली झाडं माना टाकत होती. खुरपी गेली. दवाखान्यावरून वकिलाच्या ऑफिसात, तिथून हॉटेलात. कामाची गर्दी अशी की मला जेवायला फुरसत मिळेना. हो, मलाच! कारण मी लॉन्ड्री सोडली होती.

परवा विद्यापीठातून फोन आला. पास झालेली मुलं पुढं काय करतात, याची चौकशी चालली होती. तिचे हात मातीत, म्हणून मी घेतला.

"त्यांना नोकरी लागली का?"

"नाही लागली."

"अरेरे," पलीकडची मुलगी हळहळली.

"अहो, अरेरे काय? ती दोघींना पगार देते! आणि एका ड्रायव्हरला. तो तिचा बाप आहे, आणि एवढा चांगला मालक त्याला जन्मात मिळाला नव्हता."

मागून आवाज आला, "बाबा, गप्पा पुरे, उशीर होतोय!"

मी मुकाट्यानं गाडी काढली.